तलाव कोणाचा, हे पोरांना कोण सांगणार?

चोरखमारा म्हटले की बाहेरच्या माणसाला नागझिऱ्याचे गेट आठवते. जिप्सी, कॅमेरे, आणि वाघ दिसला की नाही ही चौकशी. तिरोडा तालुक्यातल्या आपल्या शेतकऱ्याला मात्र चोरखमारा म्हटले की आधी तलाव आठवतो. ऑक्टोबरात धान गर्भात आले, वरून पाऊस तुटला, की सारे डोळे तलावाकडे लागतात. त्या वेळी मिळालेले एक पाणी म्हणजे कोठीभर धान, आणि न मिळालेले पाणी म्हणजे नुसती तणस. हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण मला आज लिहायचे आहे ते या तलावांबद्दल आपल्या पोरांना काय ठाऊक आहे, त्याबद्दल.

१ जुलैला, कृषी दिनाच्या निमित्ताने, याच भागातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. नववी-दहावीची मुले समोर बसलेली. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक झाले, मिठाच्या पाण्यात पोचट धान तरंगताना पाहून पोरे खूश झाली. मग सहज बोलणे अभ्यासावर गेले. २०१८ साली दहावीच्या भूगोलाचे पुस्तक बदलले, त्यात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. पोरांनी ॲमेझॉनचे खोरे सांगितले, कॉफीचे मळे सांगितले, एकाने तर पँटानलची दलदलसुद्धा सांगितली. राज्यशास्त्रात निवडणूक आयोग पाठ, लोकशाहीसमोरील आव्हाने पाठ. मी म्हटले, शाबास. आता हे सांगा, तुमच्या गावचा तलाव कोणी बांधला आणि आज तो कोणाचा आहे?

वर्ग गप्प. मग एक म्हणाला, सरकारचा. दुसरा म्हणाला, ढिवरांचा, कारण मासोळी तेच काढतात. तिसऱ्याने सरपंचाचे नाव घेतले, त्यावर हशा झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ज्याची बांधी पाळीखाली आहे, त्याचा." गंमत अशी की चौघांचेही थोडे थोडे बरोबर होते. आणि मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, साहेब, मला विचारले असते तर मीही अडकलो असतो.

मास्तरांना दोष देऊन उपयोग नाही. पुस्तक साऱ्या महाराष्ट्राचे, त्यात आपला तलाव येणार कुठून? पण संसाधन, लोकशाही आणि आधुनिक इतिहास हे जे तीन वेगळे धडे पोरे घोकतात, ते आपल्याकडे एकाच पाळीवर उभे आहेत. तेव्हा मला ठाऊक आहे तेवढे इथे मांडतो.

आपल्या भागात मोठे तलाव दोन जातीचे. चोरखमारा, बोदलकसा यांसारखे तलाव इंग्रजी अमदानीत, सुमारे शंभर वर्षांपूर्वी, सरकारच्या पाटबंधारे खात्याने बांधले. त्यांची नहर, त्यांचे पाणीवाटप पहिल्यापासून सरकारी. दुसरे ते गावोगावचे जुने तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. हे मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत, 'माजी मालगुजारी'. त्यांपैकी कितीतरी मालगुजारीपेक्षाही जुने आहेत. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून गाव वसवणाऱ्याने तलाव बांधावा, ही इथली रीत. कोहळी, पोवार ही मंडळी या कामात तरबेज. नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय लोक आजही कोलू पाटील कोहळी यांना देतात. उतार कुठून कुठे जातो, पाळ किती रुंद ठेवायची, सलंग कोणत्या बाजूला काढायची, हे त्यांनी कोणत्या कॉलेजात शिकले होते?

१८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि सारावसुली करणाऱ्यांनाच गावाची मालकी देण्यात आली. हाच तो मालगुजार. तलाव त्याच्या नावे चढला, पण पाणी, सरपण, चराई, मासोळी यांवर गावाचा जो वहिवाटीचा हक्क होता तो वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवला गेला. पुढे त्यालाच निस्तार हक्क म्हणू लागले. १९५० साली मालगुजारी निर्मूलनाचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क सरकारात जमा झाले. तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो. १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा कागद पुन्हा एकदा हलले. पाळीवरचा मोह जागचा हलला नाही, पण त्याच्या पायथ्याच्या पाण्याचा धनी पन्नास वर्षांत इतक्या वेळा बदलला. आधुनिक भारताचा इतिहास म्हणतात तो याहून वेगळा असतो काय?

काही जुनी माणसे उसासे टाकून म्हणतात, मालगुजाराच्या काळात पाळ कशी चोख असायची. खरे आहे, असायची. पण ती माती कोणाच्या डोक्यावरून पडायची, हेही सांगा ना. बेगारीवर. ढिवराने, महाराने, गोंडाने टोपल्या वाहायच्या आणि पाणी आधी मालगुजाराच्या बांधीत जायचे. ती मालगुजारी गेली, बरे झाले. मात्र मालक गेला त्यासोबत 'पाळ माझी' म्हणणाराही गेला, आणि त्या जागी 'पाळ आमची' म्हणणारे गाव उभे राहायला हवे होते, ते पुष्कळ ठिकाणी राहिलेच नाही. सलंग फुटली की अर्ज, तुडूम गळले की अर्ज, बेशरम माजली की अर्ज.

आजचे भांडण पाहा. पाळीखालच्या शेतकऱ्याला ऑक्टोबरपर्यंत पाणी भरलेले हवे. मच्छीमार संस्थेने बीज सोडलेले असते, तिला उन्हाळ्यापर्यंत डोहात तरी पाणी हवे. पोटात गाळपेर करणाऱ्याला, किंवा हळूहळू पोटातच बांध्या पाडणाऱ्याला, पाणी लवकर उतरलेले हवे. आणि शेपटाच्या शेतकऱ्याला फक्त आपली पाळी यायला हवी. एखाद्या रात्री तुडूम कोणीतरी उघडतो, सकाळी दोन गट पाळीवर येतात, आणि तालुक्याला फोन जातो. चौघांचीही गरज खरी आहे. म्हणूनच त्याचा निकाल रात्रीच्या अंधारात व्हायला नको, सर्वांसमोर बसून व्हायला हवा. लोकशाहीचा धडा यापेक्षा सोपा करून मला तरी सांगता येणार नाही.

गाळाचेही तसेच. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली, लोकांनी गाळ नेला, हलक्या जमिनीत त्याचा फायदाही दिसला. पण काही ठिकाणी जेसीबीवाल्याला थांबवणारे कोणी नव्हते. गाळ संपला, खालचा चिकण मातीचा थर संपला, मुरूम लागला तरी बकेट चालूच. तो थर म्हणजे तलावाचे बूड. बूड फोडले की तलाव खोल दिसतो आणि दिवाळीआधी कोरडा पडतो. पाळीच्या पायथ्याशी खोदणे तर त्याहून वाईट, पाळच खचते. किती खोदायचे, कुठे थांबायचे, कोणाच्या शेतात किती ट्रॉल्या, हे ग्रामसभेत ठरवून फळ्यावर लिहिता येते. त्याला कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

ग्रामसभेला माणसे येत नाहीत, असे तुम्ही म्हणाल. मान्य. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या लागते, तीही भरत नाही आणि सह्यांचे रजिस्टर घरोघरी फिरते. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या पाणवठ्यांतील मासोळी व इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क मागण्याची सोय केली आहे, आणि तो दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो वर्षानुवर्षे बसून, बोलून, कागद जमवून. नागझिऱ्याच्या कडेच्या आपल्या गावांना हा कायदा परका नाही. कागद जमवणारे हात कमी आहेत.

ते हात शाळेत आहेत, असे माझे म्हणणे आहे. दहावीला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. त्यासाठी पोरे बाजारातून तक्ते आणतात किंवा एकाचे पाहून दुसरा उतरवतो. त्याऐवजी चार-चार पोरांना एक तलाव द्या. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, दप्तर तेच आहे) सातबारा आणि निस्तार पत्रक पाहून घ्या. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागात तलावाची नोंद आहे, सिंचन क्षमता आहे. मच्छीमार संस्थेकडे ठेक्याचा कागद आहे. एखादा कागद मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज पालकाच्या सहीने टाका, शुल्क दहा रुपये. आणि आजोबांना विचारा, आधी पाणी कुठवर यायचे. पाळीवर उभे राहून पोराने पोट, सलंग, तुडूम, नहर आणि अतिक्रमण यांचा नकाशा काढला, तर तो ब्राझीलचा नकाशाही अधिक समजून काढील.

मास्तरांनी दोन गट करायचे कबूल केले आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने आपल्या गावचा तलाव मागून घेतला. रोवणी आटोपली की पोरे कागदांसाठी फिरू लागतील. पोर दप्तरात आले तर त्याला 'साहेब जेवायला गेले' सांगून परत पाठवू नका, एवढी विनंती संबंधित कार्यालयांना, माझ्याही, आताच करून ठेवतो. आणि पालकांना ही की, पुढच्या ग्रामसभेत पोराने काढलेला नकाशा घेऊन तुम्ही स्वतः जा. पोराला तिथे मत नाही, तुम्हाला आहे.