पुन्हा ऑल-इन-वनच घ्यायचा का?

मैत्रिणींनो, फ्रीज, मिक्सर, धुलाईयंत्र यांच्याविषयी आपण या पानावर बोलतच असतो. या खेपेला एका भगिनीचं पत्र निवडलं आहे ते कॉम्प्युटरविषयी. त्या लिहितात :

“२०१७ च्या दिवाळीत आम्ही ४८ हजारांना ऑल-इन-वन कॉम्प्युटर घेतला. पडदा आणि कॉम्प्युटर एकातच, त्यामुळे दिवाणखान्यात शोभून दिसतो. मी घरी बसून तीन दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणं सांभाळते. हल्ली तो सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं लागतात. मध्यंतरी १९ तारखेला तो जो अडकला, तो हलेचना आणि विवरणाची शेवटची तारीख २०! शेजारच्या वहिनींच्या लॅपटॉपवर कसंबसं भरलं. आमचे हे म्हणतात, ‘तस्साच नवा आणू.’ दुकानदार ६२ हजार सांगतो आणि जुन्याचे ४ हजार वळते करतो म्हणतो. पैसे माझ्या भिशीचे आहेत, बांगड्यांसाठी ठेवले होते. काय करू?”

पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही, की या बाईंच्या घरात कॉम्प्युटर ही शोभेची वस्तू नाही, ते त्यांचं शिलाई मशीन आहे. त्यावर त्यांची कमाई चालते. तेव्हा निर्णय घेताना दिवाणखान्याचा विचार दुसरा आणि २० तारखेचा विचार पहिला.

आधी जुन्याची नाडी पाहा

घोडा म्हातारा झाला की नुसताच उपाशी आहे, हे पाहिल्याशिवाय नवा घेऊ नये. कीबोर्डवरची कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. तिच्यात परफॉर्मन्स या भागात जा. तिथे मेमरी, म्हणजे रॅम, किती आहे ते दिसतं आणि डिस्क कोणत्या जातीची तेही बहुधा दिसतं. रॅम ४ जीबी, डिस्क एचडीडी आणि काही काम नसतानाही डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटलेला, असं दिसलं तर दुखणं कुठे आहे ते समजलं.

एचडीडी म्हणजे आत तबकडी फिरते ती जुनी हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, तर सात-आठ मिनिटं घेणारं यंत्र मिनिटाच्या आत उठून बसतं. ऑल-इन-वनच्या पोटात बहुतेक सुटे भाग लॅपटॉपचेच असतात, त्यामुळे ही दुरुस्ती कोणताही बरा कारागीर करतो. फक्त पडद्याची पाठ उघडायची असते, ती सराईत हातांनीच. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नये.

दुरुस्तीचा खर्च लेखी मागा. माझा साधा नियम असा : हा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आत असेल तर दुरुस्तीचा विचार करावा, त्याच्या वर गेला तर नको.

पण कुलूप जुनं झालं असेल तर?

इथे एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. विंडोज १० साठी येणाऱ्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून वाढीव मुदत देऊ केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. याचा अर्थ यंत्र बंद पडतं असा नाही. ते चालूच राहतं. पण दाराचं कुलूप जुनं झालं आणि नवी किल्ली बनवणारा उठून गेला, तशी गत होते. गाणी ऐकायला, निबंध टाइप करायला हरकत नाही. दुसऱ्यांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार मात्र अशा दारामागे ठेवू नयेत.

विंडोज ११ प्रत्येक यंत्रावर चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. २०१७ सालचे बहुतेक ऑल-इन-वन या परीक्षेत नापास होतात. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं मोफत साधन आहे. ते चालवलं की आपलं यंत्र पास की नापास ते लगेच समजतं.

पत्रलेखिका भगिनींचं यंत्र पास झालं, तर प्रश्नच मिटला. एसएसडी आणि रॅम घाला, बांगड्या करा! पण बहुधा ते नापास होईल. मग कमाईच्या कामासाठी नवं घ्यावंच लागेल. आता खरा प्रश्न : तसंच घ्यायचं का?

टू-इन-वन आठवतो ना?

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी टू-इन-वन होता. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकात. टेपचा पट्टा तुटला की अख्खा डबा दुरुस्तीला जायचा आणि सकाळच्या बातम्याही बंद व्हायच्या. ऑल-इन-वनचं मर्म नेमकं हेच आहे.

चांगला पडदा जपून वापरला तर सहज दहा वर्षं चालतो. आतलं यंत्र मात्र पाच-सहा वर्षांत मागे पडतं. या दोघांची एकाच पेटीत लग्नगाठ बांधली, की लवकर थकणाऱ्याबरोबर धडधाकटालाही घराबाहेर जावं लागतं. पत्रातल्या यंत्राचा पडदा आजही ठणठणीत आहे, असं त्या भगिनी पुढे लिहितात. दुकानदार चार हजारांत जे नेणार आहे, त्यात तो चांगला पडदाही जाणार आहे.

“मग जुना पडदा नव्या कॉम्प्युटरला जोडता येणार नाही का?” असं कुणी विचारेल. बहुतेक ऑल-इन-वनमध्ये चित्र बाहेर पाठवायची सोय असते, बाहेरचं चित्र आत घ्यायची नसते. काही थोड्या यंत्रांवर ‘एचडीएमआय इन’ असं लिहिलेलं छिद्र असतं. तेवढीच मॉनिटर म्हणून वापरता येतात. तुमच्या यंत्राच्या पाठीवर ‘इन’ हा शब्द आहे का, ते आधी पाहून घ्या.

हे फक्त स्वस्त यंत्रांचं नाही. अ‍ॅपल कंपनीने १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आणला, तोही ९ इंची पडदा पोटात घेऊनच. १९९८ मध्ये त्यांचा रंगीत आयमॅक आला आणि एका पेटीतला कॉम्प्युटर घराघरांत हवाहवासा झाला. २०१४ मध्ये २७ इंची ५के पडद्याचा आयमॅक निघाला. पडदा इतका सुरेख, की अक्षरं छापल्यासारखी दिसतात. त्याआधीचे, २००९ ते २०१४ मधले काही आयमॅक दुसऱ्या मॅकचा पडदा म्हणून तरी उपयोगी पडत. या ५केवाल्याला तेही जमत नाही. यंत्र मागे पडलं, पडदा अजून उत्तम, आणि दोघांची फारकत होत नाही! मार्च २०२२ मध्ये अ‍ॅपलने हा २७ इंची आयमॅक बंद केला आणि त्याच सुमारास वेगळी पेटी व वेगळा २७ इंची पडदा विकायला काढला.

हिशेब मांडून पाहू

जुन्या यंत्रावर उगाच राग नको. ४८ हजार भागिले आठ वर्षं, म्हणजे वर्षाला सहा हजार, महिन्याला पाचशे रुपये. एवढ्यात त्याने संसाराला हातभार लावला, हे काही वाईट नाही. पण शेवटची दोन-तीन वर्षं त्याने रोज तुमचा किती वेळ खाल्ला, ते या हिशेबात धरलेलं नाही.

आता नव्याचं. ६२ मधून ४ गेले, ५८ हजार. आठ वर्षांनी पुन्हा सगळं नव्याने. त्याऐवजी पडदा वेगळा आणि कॉम्प्युटर वेगळा घेतला, तर पहिल्या खरेदीत फारसा फरक पडेलच असं नाही. फायदा दिसतो तो दुसऱ्या खेपेला : पडदा, कीबोर्ड, माऊस, सगळं घरात असतं आणि फक्त पेटी बदलायची. शिवाय मधेच पडदा फुटला, तर काम अडत नाही. चार दिवस टीव्हीला वायर जोडूनही विवरण भरता येतं.

मग काय घ्यावं?

“पण ते मोठं खोकं आणि वायरींचं जंजाळ पुन्हा नको,” असं पुष्कळजणी म्हणतील. आता तसं राहिलेलं नाही. मिनी पीसी म्हणून चपाट्यांच्या डब्याएवढ्या पेट्या मिळतात. अ‍ॅपलची २०२४ सालची मॅक मिनी तर पाच इंच चौरस आहे. बऱ्याच मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंची छिद्रं असतात, त्याला व्हेसा म्हणतात. छिद्रं मोकळी असतील, तर मिनी पीसी पट्टी लावून तिथेच अडकवता येतो. समोरून पाहणाऱ्याला तो ऑल-इन-वनच वाटतो! यजमानांची हौस भागते आणि आपलं कामही.

घेताना चार गोष्टी पाहा. एक, काही मिनी पीसी ‘बेअरबोन’ म्हणून विकतात. त्यात रॅम, डिस्क, विंडोज काहीच नसतं. स्वस्त दिसलं म्हणून भुलू नका. दोन, रॅम शक्यतो १६ जीबी, डिस्क ५१२ जीबीची एसएसडी. तीन, अस्सल विंडोज बिलावर लिहून घ्या. चार, कॅमेरा आणि स्पीकर यात बहुधा नसतात, ते खर्चात धरा. आणि वीज जाते त्या गावात छोटा यूपीएस हवाच. विजेने दगा दिला तरी हातातलं काम वाचवून ठेवायला तेवढी मिनिटं पुरतात.

लॅपटॉप का नको? चांगला पर्याय आहे, बॅटरी असते, माहेरी जाताना नेता येतो. पण लॅपटॉपला पाय असतात, हे विसरू नका. बारावीतले चिरंजीव ‘आई, थोडा वेळ’ म्हणून नेतात आणि २० तारखेला तो त्यांच्या खोलीत गादीखाली सापडतो. जागेवर बसलेलं यंत्र तुमचं राहतं.

ऑल-इन-वनच हवा असेल तर

त्याला नावं ठेवण्याचा हेतू नाही. जागा अगदी लहान, काम हलकं, घरात वयस्कर माणसं, व्हिडिओवर नातवंडांशी बोलायचं, एकच वायर बरी, अशा घरी तो शोभतो. तेव्हा खुशाल घ्या. मात्र दुकानात विचारा : रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावरच पक्की डकवलेली आहे? ‘एचडीएमआय इन’ आहे का? दुरुस्ती आपल्या गावात होते की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं? वॉरंटी तीन वर्षं घरपोच मिळेल का? उत्तरं तोंडी नकोत, बिलावर हवीत.

जुन्याचं काय?

चार हजारांत देऊ नका, असं माझं मत. एसएसडी घातलेलं ते यंत्र चिरंजीवांच्या अभ्यासाला चालेल. बँकेचे व्यवहार त्यावर करायचे नाहीत, एवढी ताकीद द्या. मग तुमच्या टेबलावर कुणी बसणार नाही, हा फायदा वेगळाच.

द्यायचंच ठरलं, तर आधी सगळ्या फायलींची नक्कल काढा आणि जुनी हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. नुसत्या फायली पुसल्याने त्या पूर्ण जात नाहीत. आधार, पॅन, दुकानदारांचे हिशेब, सगळं त्यात असतं. विश्वासाने आलेली दुसऱ्याची वस्तू आहे ती. अगदी मोडकं यंत्रही भंगारवाल्याला देऊ नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा माल नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे जाणं योग्य. कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी केली की पत्ता मिळतो.

तेव्हा ठरवायचं कसं?

भगिनी, तुम्हाला थोडक्यात सांगायचं तर : या आठवड्यात ‘हेल्थ चेक’ करा आणि दुरुस्तीचा अंदाज घ्या. यंत्र पास झालं तर दुरुस्ती. नापास झालं तर वेगळा मॉनिटर, मिनी पीसी आणि यूपीएस यांचं दोन दुकानांतून कोटेशन मागवा. खरेदी महिन्याच्या २१ तारखेनंतर करा, म्हणजे नवं यंत्र हाताखाली यायला चांगले तीन-चार आठवडे मिळतील.

आणि यजमानांना शांतपणे सांगा, की काम माझं, पैसे माझे, तर निवडही मी करते. तुम्ही दुकानात सोबत या, घासाघीस तुम्हालाच चांगली जमते. ते नाही म्हणणार नाहीत. बांगड्या या वर्षी राहिल्या, तर पुढच्या भिशीला होतील. कामाचं यंत्र धड असलं, की भिशीचा हप्ता कुणाकडे मागावा लागत नाही.