बोलपटाची तबकडी घेताना

बोलपटांच्या तबकड्यांची विक्री आता ओसरली असली, तरी जुन्या चित्रपटांचे रसिक त्या अद्याप शोधून घेतात. आमच्या मते हे योग्यच होय. मात्र वेष्टनावरील रंगीत चित्रास भुलून पैसे मोजणे हा शुद्ध भोळेपणा. प्रथम पाहावी ती लांबी. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ सुमारे १३१ मिनिटांचा आहे, आणि एका व्ही.सी.डी.वर सव्वा तासाहून फारसे अधिक मावत नाही. तेव्हा एकाच व्ही.सी.डी.त तो सबंध असल्याचे विक्रेता सांगेल, तर कात्री कोठे चालली हे त्यास अवश्य विचारावे. डी.व्ही.डी.वर जागा पुष्कळ असते. परंतु एकीवरच पाचसहा चित्रपट कोंबले म्हणजे चेहरे धूसर होतात. (अशा मालास ‘स्वस्त’ म्हणणे आम्हांस मान्य नाही.) ध्वनीचेही तसेच. विष्णुपंत पागनिसांच्या मुखीचे अभंग खरखरीतून ऐकावयाचे, तर तो चित्रपट घरी आणावा कशाला? नामदेवांची नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. येथील मुलांनी संतांचे चरित्र अर्धेमुर्धे पाहावे, हे आम्हांस रुचत नाही. म्हणून पालकांनी दहा रुपयांची घासाघीस करण्यापूर्वी वेष्टनाच्या पाठीवरील मिनिटांचा आकडा वाचावा, व शक्य तर दुकानातच तबकडी थोडी लावून पाहावी.