सतारमेकर गल्ली

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुऱ्यासाठी फोन आला की आधी पट्टी विचारली जाते, नाव-गाव मागाहून. काळी चार, पांढरी दोन, काळी एक. एवढ्यावरून समोरच्या कारागिराला कळतं की तानपुरा बाईसाठी आहे की पुरुषासाठी, भोपळा केवढा घ्यायचा, दांडी किती लांब ठेवायची आणि तारा कोणत्या जाडीच्या लावायच्या. पुढे मैफलीत गायकाचं नाव पुकारतात, तबलजीचं, पेटीवाल्याचं, हल्ली ध्वनियोजनावाल्याचंही. तानपुरा कोणी घडवला, हे सांगणारा निवेदक अजून भेटायचा आहे.

गल्लीतली ही कारागीर माणसं मुळात शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारींना धार लावणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमल पक्का झाला, लढाया थांबल्या आणि धार लावायला हत्यारंच येईनात. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान होतं, दरबारी गवयांचा राबता होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने गवयांची नादुरुस्त वाद्यं उघडून पाहिली आणि ती जोडता जोडता तो नवी घडवायला लागला. सतारीची गादी त्याला बापाकडून मिळाली नव्हती, त्याने ती स्वतः घातली. पोट भरण्यासाठी धंदा बदलणारे पुष्कळ असतात. या गृहस्थाने आपल्यामागे भाऊबंदांची अख्खी गल्ली त्याच कामाला लावली आणि ‘सतारमेकर’ हे तिथल्या घराण्यांचं आडनाव होऊन बसलं.

काम किती जणांच्या हातांतून जातं ते बघा. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. कडू जातीचा, भाजीला निरुपयोगी. तो वेलावर हवा तसा बसावा, सारखा फुगावा यासाठी शेतकऱ्यालाही त्यातली नजर लागते, आणि अवेळी पाऊस झाला तर माल शेतातच सडतो. वाळलेला भोपळा पारखून घ्यायचा, कापायचा, पाण्यात भिजवून आत काठ्यांचा ताण देऊन त्याचं तोंड हव्या आकाराचं करायचं. मग तुनाच्या लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरचं झाकण, आणि दांडी. खुंट्या, नक्षी, लाखेचं पॉलिश. पूर्वी नक्षीत हस्तिदंत असे. त्यावर बंदी आली तसं प्लॅस्टिक आलं, आणि खरं सांगायचं तर आवाजाचं त्यात काही बिघडलं नाही.

आवाज ठरतो तो घोडीवर, म्हणजे तबलीवरच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यावर. तार घोडीच्या पाठीला नेमकी कुठे आणि कितपत टेकते, यावर तानपुऱ्याचा गुंजारव अवलंबून. कानसीने घासायचं, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. याला जवारी काढणं म्हणतात. एक हात जास्त फिरला की घोडी वाया. हे काम घरातला सगळ्यात जाणता माणूस करतो आणि त्याला बहुधा गाता येत नसतं! पण षड्जातून गंधार आपोआप उमटला की नाही, हे तो गाणाऱ्याच्या आधी ओळखतो. पोरं शाळेतून आली की दुकानात बसतात. आधी पॉलिश करतात, मग खुंट्या बसवतात. जवारीपर्यंत पोचायला अर्धं आयुष्य जातं.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, त्यामागे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावरची श्रद्धा होती. ते स्वतः वाद्यांची दुरुस्ती करत, जवारीवर त्यांचा हात होता. म्हणजे गल्लीला गिऱ्हाईक मिळालं तेच परीक्षकही. 1937 मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना ते वारले. दफन मिरजेत दर्ग्याच्या आवारात झालं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली संगीतसभा भरते. देशभरातले कलावंत तिथे येऊन हजेरी लावतात. याच उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा. चामड्याचं काम करणारे, वाद्यं घडवणारे, गाणारे, सगळ्यांची त्या आवारात आपापली जागा ठरलेली आहे. गावातले कारागीर गावाला काय देतात, हे पाहायचं असेल तर उरुसाला जावं.

धंद्याला धक्का बसला तो यंत्राचा. 1979 च्या सुमारास बंगळूरच्या एका बासरीवादक अभियंत्याने इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला आणि आता तर तो मोबाइलमध्येच असतो. प्रवासात तो सोयीचा, यात शंका नाही. पण शिकणाऱ्या मुलाने चार तारा स्वतः लावल्या की त्याचा कान तयार होतो, आणि ते बटण दाबून होत नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, दुसऱ्या गावचा माल मिरजेच्या नावाने विकणाऱ्याला आता कायद्याने अडवता येईल. मात्र कागदाने जवारी निघत नाही. त्यासाठी तरुण मुलगा दुकानात टिकायला हवा, आणि तो टिकेल ते कामाचे पुरेसे पैसे मिळाले तरच. मैफलीच्या आयोजकांनी निमंत्रणपत्रिकेवर वाद्य घडवणाऱ्याचं नाव एका ओळीत छापायला काही खर्च येत नाही. आणि आजोबांचा तानपुरा तुमच्या घरी खोळीत घालून भिंतीला टेकवून ठेवला असेल, तर एकदा मिरजेला घेऊन जा. जवारी काढून घ्या, सांगतील ती मजुरी घासाघीस न करता द्या.