घरची दुसरी गाडी : ठेवावी की बदलावी?

मैत्रिणींनो, घरातली दुसरी गाडी बहुधा आपल्याच हातात असते. मुलांचे क्लास, भाजी, सासूबाईंचा दवाखाना, सगळे तिच्यावरच. ती जुनी झाली की घरात सूर निघतो, "आता दुसरी हवीच कशाला?" अशा वेळी रुसू नका, वही काढा.

एका पानावर वर्षाचा विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, दुरुस्ती, पेट्रोल लिहा. समोरच्या पानावर तेवढ्याच फेऱ्यांचे रिक्षाभाडे. गाडीला १५ वर्षे होत आली असतील, तर आरटीओत तपासून घेऊन नोंदणी ५ वर्षांनी वाढवावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. तोही मांडा.

रंग उडाला, सीट फाटली, तर खुशाल ठेवा. पण खालचा पत्रा सडला असेल, ब्रेकचे काम वरचेवर निघत असेल, तर माया आवरा. विकलीत तर आरसी बुकावर घेणाऱ्याचे नाव चढेपर्यंत निश्चिंत राहू नका.

आणि हिशेबात गाडी नकोच ठरली, तर रिक्षाचे पैसे महिन्याच्या खर्चात आधीच वेगळे काढून घ्या. गाडी गेली तरी चालेल; आपले जाणेयेणे अडता कामा नये!