गाडीचें तेल आणि त्याची गाळणी

नाशिकच्या एका वाचकांनीं आम्हांस पत्र धाडून विचारिलें आहे: “आमच्या घरीं आठ वर्षांची मोटार आहे. तिचें इंजिन-तेल यापुढें घरच्या घरीं बदलावें असें मुलांच्या मनांत आहे. परंतु दुकानांत एकाच गाडीसाठीं चार तऱ्हेचे ऑइल फिल्टर दाखवितात, किंमतींत दुपटीतिपटीचें अंतर असतें, आणि ‘कोणताहि घ्या, बसतो’ असें सांगतात. तर कोणता घ्यावा?” प्रश्न लहान दिसतो, परंतु ‘बसतो’ या एका शब्दानें आमच्या स्वतःच्या घरीं काय अनर्थ होऊं घातला होता, तें आठवून आम्ही या महिन्याचें हें सदर त्यासच देत आहों.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीसाठीं कोंकणांत जावयाचें म्हणून आमच्या पुतण्यानें आदल्या रविवारीं अंगणांत गाडीचें तेल बदललें. फिल्टर त्यानें एका दुकानांतून आणला होता. जुना व नवा शेजारीं ठेवून पाहिले, उंची सारखी, घेर सारखा, रबरी कडेंहि सारखेंच. बसवितांना पहिले दोन फेरे थोडे सैल वाटले. परंतु शेवटीं घट्ट झाला, गाडी चालू केली तेव्हां थेंबहि गळला नाहीं. दुसरे दिवशीं पहाटे मंडळी निघालीं. मुळशीच्या पाण्याच्या कांठानें जात असतां, ताम्हिणीच्या अलीकडे, समोरच्या फळीवर तेलाचा तांबडा दिवा लागला. पुतण्यानें तत्क्षणीं इंजिन बंद केलें व गाडी कडेला घेतली. मागें पाहतों तों ओल्या रस्त्यावर काळ्या तेलाचा लांबच लांब पट्टा उमटलेला! फिल्टर आपल्या आट्यांवरून निसटून लोंबकळत होता. भर पावसांत, थोरल्या काकू मांडीवर गौरीचें साहित्य घेऊन, दोन तास टोइंगच्या गाडीची वाट पाहत बसल्या. “काका, मीं घट्ट बसविला होता हो,” एवढेंच तो बिचारा पुन्हां पुन्हां सांगत होता.

त्याचें म्हणणें खरें होतें. दोष घट्टपणाचा नव्हता, आट्यांचा होता. कांहीं गाड्यांच्या इंजिनावर फिल्टर ज्या खुंट्यावर बसतो त्याचा व्यास वीस मिलिमीटर असून त्याचे आटे दीड मिलिमीटर अंतरानें पाडलेले असतात. कांहींच्या खुंट्याचा व्यास पाऊण इंच, म्हणजे सुमारें एकोणीस मिलिमीटर, आणि आटे इंचास सोळा. डोळ्यांस हा फरक दिसत नाहीं. वीस मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची खुंट्यावर फिरतो, शेवटीं रबराच्या दाबानें घट्टहि वाटतो. परंतु आट्यांची पकड केवळ टोकाटोकांची असते. इंजिन तापून तेलाचा दाब चढला कीं ती पकड केव्हां सुटेल याचा नेम नाहीं. पुतण्यानें दिवा लागतांच इंजिन थांबविलें म्हणून तें वांचलें. आणखी एकदोन मिनिटें चालतें, तर बेअरिंगें कोरडीं पडून इंजिन उतरविण्याची पाळी आली असती.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रथम हें यंत्र करतें काय तें पाहिलें पाहिजे. इंजिनांतील फिरत्या भागांमध्यें तेलाचा जो पापुद्रा असतो, तो कित्येक ठिकाणीं मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका पातळ असतो. या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. मनुष्याचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. इंजिनास झिजविणारे कण बहुधा याहून पुष्कळ बारीक, पांच ते वीस मायक्रॉनांच्या आसपासचे. धूळ, काजळी व खुद्द इंजिनाच्याच झिजेचा धातूचा चुरा हे कण तेलांतून फिरत राहतात आणि सहाणेवरील चंदनाप्रमाणें धातूस घासतात. फार पूर्वीं मोटारींस तेलाची धड गाळणीच नसे. दर थोड्या मैलांनीं तेल ओतून टाकणें हाच उपाय होता. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड व जॉर्ज ग्रीनहाल्श यांनीं मोटारीसाठीं तेलाची गाळणी सिद्ध केली व तिला ‘प्युरोलेटर’ असें नांव दिलें. ‘शुद्ध तेल, मागाहून’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप. १९२४ च्या क्रायस्लर गाडीस ती लाविली गेली. त्या गाळणींतून तेलाचा थोडा अंशच जात असे. आजच्या गाड्यांत पंपानें उचललेलें सर्व तेल बेअरिंगांकडे जाण्यापूर्वीं फिल्टरांतून जातें. म्हणूनच त्याची निवड इतकी महत्त्वाची.

आमच्या घरीं त्या प्रसंगानंतर आम्ही दोन जुने फिल्टर करवतीनें कापून मुलांस दाखविले. आंत घड्या घातलेला कागद, मधोमध भोंकांची नळी, तळाशीं एक स्प्रिंग व झडप, आणि तोंडाशीं रबराची एक चकती. ज्यास फिल्टर निवडावयाचा त्यानें या चार वस्तूंचें काम समजून घ्यावें.

कागद म्हणजे गाळणी. साधा फिल्टर लाकडाच्या तंतूंच्या कागदाचा असतो. महाग फिल्टरांत काचेचे अथवा इतर कृत्रिम तंतु मिसळलेले, किंवा सर्वस्वी तेच असतात. कृत्रिम तंतु अधिक बारीक व एकसारखे असल्यामुळें बारीक कण अडवूनहि तेलास वाट मोकळी ठेवितात आणि अधिक काळ टिकतात. डब्यावर ‘वीस मायक्रॉन’ असें नुसतें छापलेलें असेल तर त्यास फारसा अर्थ नाहीं. वीस मायक्रॉनाचे शंभर कण आले असतां पन्नास अडविणारी गाळणीहि असें म्हणूं शकते, आणि नव्याण्णव अडविणारीहि. यासाठीं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ४५४८ क्रमांकाच्या मानकाच्या बाराव्या भागांत एक परीक्षा सांगितली आहे. तींत धूळ मिसळलेलें तेल फिल्टरांतून पुन्हां पुन्हां फिरवून आधींचे व नंतरचे कण मोजतात. जो कारखानदार ‘अमुक मायक्रॉनास इतके टक्के’ असें स्पष्ट छापतो, त्यावर विश्वास ठेवण्यास कांहीं आधार आहे. घड्यांची संख्या मोजून मात्र निर्णय करूं नये; घडीची खोली व उंची धरूनच कागदाचें क्षेत्रफळ ठरतें.

स्प्रिंगची झडप ही आडवाटेची झडप होय. थंडींत तेल दाट असतें, किंवा कागद मळानें बंद होतो. तेव्हां ही झडप उघडून तेलास न गाळतां पुढें जाऊं देते. मळकें तेल हें तेल नसण्यापेक्षां बरें, हें त्यांतील तत्त्व. येथें एक मोठा खड्डा आहे. कांहीं इंजिनांत ही झडप इंजिनांतच असते, म्हणून फिल्टरांत ती ठेवीत नाहींत. कांहींत ती फिल्टरांतच असते, आणि ती किती दाबावर उघडावी हेंहि गाडीगणिक निराळें. म्हणजे आटे जुळले, कडें जुळलें, तरीहि फिल्टर चुकीचा असूं शकतो! बाहेरून हें कोणासहि कळणार नाहीं.

रबराची चकती इंजिन बंद असतां फिल्टरांतील तेल परत खालीं उतरूं देत नाहीं. ती निकामी असेल तर सकाळीं इंजिन चालू करतांना कांहीं क्षण कोरडी खडखड ऐकूं येते. फिल्टर आडवा अथवा उलटा बसत असेल त्या गाडीस ती विशेष महत्त्वाची. साधें काळें रबर उष्णतेनें कालांतरानें कडक होतें. सिलिकोनचें रबर, जें बहुधा रंगीत असतें, तें उष्णता अधिक सोसतें. तोंडाच्या लहान भोंकांतून आंत पाहिल्यास ही चकती दिसते.

म्हणून आमचा निर्णय असा. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेंत जो फिल्टरचा क्रमांक असेल तो, किंवा नामांकित कारखानदाराच्या यादींत आपल्या गाडीचें नांव, वर्ष, इंजिन व इंधन या चारी गोष्टी पाहून जो क्रमांक मिळेल तो, कागदावर लिहूनच दुकानांत जावें. वस्तु दाखवून वस्तु मागूं नये. क्रमांक सांगून मागावी. तेल पुस्तिकेंतील मुदतीस, म्हणजे पुष्कळ गाड्यांत १०,००० किलोमीटर अथवा एक वर्ष, बदललें जात असेल तर चांगला कागदी फिल्टर पुरतो. महागाचा मोह नको. गाडी लांब पल्ल्यावर फार चालत असेल व कृत्रिम तेल वापरीत असाल तर कृत्रिम तंतूंचा घेणें सार्थ होईल. मात्र अवाच्या सवा स्वस्त फिल्टरापासून दूर राहावें. नकली मालाचा बाजार मोठा आहे. डबीवरील छपाई पुसट, पत्रा हलका, रबरी कडें खोबणींत सैल, अशीं चिन्हें दिसतांच परत करावा, आणि पावती घेतल्याशिवाय उठूं नये.

बसविण्याविषयीं दोन शब्द. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखालीं कोणीहि कधींहि शिरूं नये; खालीं भक्कम स्टँड द्यावेत. इंजिन कोमट असावें, कढत नसावें. जुना फिल्टर काढल्यावर त्याचें रबरी कडें त्याच्याबरोबरच निघालें कीं इंजिनास चिकटून राहिलें, हें बोट फिरवून पाहावें. जुन्यावर नवें कडें बसलें तर आमच्यासारखीच गत होते. नव्या कड्यास ताज्या तेलाचें बोट लावावें, हातानें फिरवीत न्यावें, कडें टेंकल्यावर डब्यावर सांगितला असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, अधिक द्यावा. पान्यानें आंवळूं नये. पहिल्या फेऱ्यांत सैलपणा जाणवला तर तेथेंच थांबावें. हल्लींच्या कित्येक गाड्यांत डबा नसून आंत केवळ कागदी गाळणी व वर झांकण असतें. तेथें झांकणाचें रबरी कडें नवें, नेमक्या खोबणींत, आणि घट्टपणा पुस्तिकेप्रमाणें. तळाच्या बोल्टास नवा वॉशर द्यावा. तेल भरून इंजिन चालू करतांच तांबडा दिवा कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. मग खालीं वाकून पाहावें, इंजिन बंद करून पांच मिनिटांनीं डिपस्टिक पाहावी. आणि दुसऱ्या दिवशीं प्रवास असेल तर आधीं दहावीस किलोमीटर फिरून यावें. आमच्या घरीं नेमकें हेंच राहून गेलें होतें.

काढलेलें काळें तेल गटारांत ओतूं नये, लाकडी खांबांस फांसूं नये. तें वारंवार कातडीस लागणें अपायकारक आहे, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणें त्याची गणना घातक कचऱ्यांत होते. बंद डब्यांत भरून गॅरेजवाल्याकडे पोंचवावें. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर हमीच्या अटी आधीं वाचाव्या.

आमचे थोरले बंधु त्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्यास एवढेंच म्हणाले, “तीनशें रुपये वांचविलेस, आतां टोइंगचे भर.” घरांत पुष्कळांचें मत पडलें कीं असले उद्योग मिस्त्र्यावर सोंपवावे. आम्ही तसें म्हणत नाहीं. मिस्त्र्याकडेहि हीच चूक होऊं शकते, आणि तेथें ती पाहणारा कोणी नसतो. पुतण्यानें आपल्या खर्चानें योग्य फिल्टर आणला, स्वतः बसविला, आणि काकूंनींच त्यास नारळ फोडावयास सांगितलें. त्या दिवसापासून आमच्या घरीं गाडीच्या कप्प्यांत एक वही असते. तींत तारीख, किलोमीटर, तेलाचा प्रकार व फिल्टरचा क्रमांक लिहिलेला असतो. शेवटची नोंद आमच्या सूनबाईंच्या हस्ताक्षरांत आहे. नाशिकच्या वाचकांनीं फिल्टर घेण्यापूर्वीं अशी वही घ्यावी. मुलांनीं काम कसें केलें तें कळविल्यास आम्हांस आनंद होईल.