भीती एकट्याने नको

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला धाकट्याने मला उठवले. "आई, मोरीपर्यंत चल ना." सात वर्षांचा मुलगा, एरवी अंधारात एकटा जाणारा! खोदून विचारल्यावर कळले, ताई कॉम्प्युटरवर भुताखेताचा खेळ खेळत होती आणि हे महाशय दाराआडून बघत होते.

खेळाचे नाव 'लिटल नाइटमेअर्स'. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या टार्सिअर स्टुडिओजने तो तयार केला, २०१७ साली तो बाजारात आला. माझ्या मनात आधी आले ते तुमच्याही येईल : बंद करा ते थेर! पण थोरलीला सतरावे लागले आहे. नुसते ओरडून ती चोरून खेळेल, एवढेच. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटले, "शिकव मला."

पिवळा रेनकोट घातलेली सिक्स नावाची चिमुरडी समुद्रातल्या एका अवाढव्य, जहाजासारख्या जागेत अडकली आहे. तिथून तिला सुटायचे आहे. जवळ फक्त एक लायटर. मारामारी जवळजवळ नाहीच, डोके चालवायचे. दाराच्या मुठीला हात पोचत नाही? खुर्ची ढकलत न्या, वर चढा, मुठीला लोंबकळा. एक रखवालदार आंधळा, हात मात्र लांबच लांब. तो आवाजावरून माग काढतो, म्हणून पाऊल वाजू द्यायचे नाही. पुढे स्वयंपाकघरात दोन धिप्पाड आचारी. तिथे यंत्रात मांस घालून सॉसेजची माळ काढायची आणि तिला धरून झोका घेत पलीकडे जायचे!

आचाऱ्याने मला चार वेळा पकडले. थोरली हसून हसून बेजार. पण खेळता खेळता जाणवले, टेबल, कपाट, खुर्ची, सगळे आपल्या घरातलेच आहे, फक्त लहान मुलाच्या उंचीवरून पाहिलेले. आणि मोठी माणसे त्यात केवढी भयंकर दिसतात!

तेवढ्यात धाकटा शाळेतून आला. मी पडदा बंद केला, तर तो हळूच म्हणाला, "तिला शोधायला कुणीच येत नाही का गं?"

माझ्या पोटात चर्र झाले. गेल्या महिन्यात लग्नाच्या हॉलमध्ये हा दहा मिनिटे दिसेनासा झाला होता. सापडल्याबरोबर मी आधी पाठीत धपाटा घातला. जवळ घ्यायचे राहूनच गेले. पोराला आचाऱ्याची भीती नव्हती, ही होती. त्याला मांडीवर घेतले आणि सांगितले, "अरे, त्या दिवशी मी एकेका खुर्चीखाली वाकून तुला शोधत होते. रडतसुद्धा होते." त्याला हे ठाऊकच नव्हते. त्या रात्री त्याने हाक मारली नाही.

आता चार कामाच्या गोष्टी. खेळ विकत घेताना त्यावर वयाची खूण असते, ती पाहावी. युरोपात या खेळावर १६ची खूण आहे. म्हणजे लहानांना तो दाखवूच नये, दाराआडूनसुद्धा. मोठ्या मुलांनी तो दिवसाउजेडी, बैठकीच्या खोलीत खेळावा. कानाला हेडफोन लावून अंधारात नको, आणि झोपण्यापूर्वी तर नकोच. कोडे अडले की चिडचिड होते. अशा वेळी खेळ ठेवून उठावे, दुसऱ्या दिवशी ते चटकन सुटते.

आणि बंदी घालण्यापूर्वी एकदा शेजारी बसून स्वतः खेळून पाहा. हरलात तरी चालेल. मूल कशाला घाबरते, हे बाहेरून कळत नाही.