बिलावरचं 'एफ'

एप्रिल संपत आला की माझ्या फोनवर दोनच प्रश्न येतात. इन्व्हर्टर किती वेळ चालेल, हा एक. दुसरा मिक्सिंगवाल्यांचा : "नाना, कार्ड कोनतं लेवानं?"

मध्यंतरी तो प्रश्न खानदेशातल्या कोरीटहून आला. पोरगा लग्नाचं शूटिंग करतो आणि मिक्सिंगही, म्हणजे एडिटिंगही, स्वतःच करतो. दाट तिथी आली की चार-चार लग्नांचा माल हार्डडिस्कवर येऊन पडतो. हिवाळ्यात त्यानं नवा पीसी असेंबल करून घेतला, निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डावर गेले. तरी हळदीचा नाच टाइमलाइनवर टाकला की चित्र अडखळतं आणि डीजे पुढे निघून जातो. वरमाय दिवसाआड फोन करते. म्हणून आता कर्ज काढून आणखी मोठं कार्ड घ्यायचं त्याच्या डोक्यात.

ऊन उतरल्यावर गेलो. प्रीमियर प्रो उघडं होतंच. त्याला क्लिप चालवायला सांगितली आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' नावाची रेघ मात्र तळाला चिकटलेली, जणू त्या कार्डाला लग्नाचं आमंत्रणच नाही. मग बिल मागितलं. प्रोसेसर कोअर आय-५, १२४००; आणि त्या आकड्यापुढे एक चिमुकलं 'एफ'. दुकानदार म्हणाला होता, प्रोसेसर तोच, फक्त आतलं ग्राफिक्स नाही, तुम्ही तर कार्ड घेताच आहात, मग वरचे पैसे कशाला? गेम खेळणाऱ्यासाठी हा सल्ला सोळा आणे खरा आहे.

या पोराचा कॅमेरा सोनी ए-७ फोर. तो १० बिट, ४:२:२, एच-२६५ मध्ये रेकॉर्ड करतो. १० बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या १०२४ छटा. ८ बिटात त्या २५६ असतात. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:०च्या दुप्पट. हळदीत पिवळ्या साडीवर पिवळी हळद, मागे झेंडूच्या पिवळ्या माळा, वर पिवळा मंडप. हे सगळे पिवळे वेगळे ठेवायचे तर ही चैन नाही, गरज आहे. पण एच-२६५ जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, बरेचदा आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरकच लिहितो. मधली एक फ्रेम बघायची तरी शेजारच्या कितीतरी उलगडाव्या लागतात. या उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळी यंत्रणा असते. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांना ४:२:२ उलगडणं २०२५ साली आलेल्या ५० मालिकेपर्यंत येतच नव्हतं. लाखाच्या वर किंमत असलेलं ४०९० सुद्धा इथे हात वर करतं. आणि इंटेलच्या प्रोसेसरमधलं ज्याला कुणी मोजत नाही ते साधं ग्राफिक्स, त्यातलं क्विक सिंक, हे काम ११व्या पिढीपासून बिनबोभाट करत आलंय. दुकानदारानं पैसे वाचवले ते नेमके तिथेच.

नासीर शेख यांनी २००० साली मालेगावात 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा एडिटिंग दोन व्हीसीआर जोडून व्हायचं. कॅसेट लावली की चित्र सुरू. उलगडण्याची भानगड नव्हती, फक्त प्रतीची प्रत घेतली की ते विटायचं. आता प्रत विटत नाही, पण नुसतं बघायचं म्हटलं तरी यंत्राचा घाम निघतो.

म्हणून माझा हट्ट आहे की पीसी घ्यायला जाताना कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खिशात घालून जावं आणि आपलीच क्लिप दुकानात चालवून बघावी. यूट्यूबवरचे परीक्षक कार्ड मोजतात ते गेमच्या फ्रेमवर. मिक्सिंगवाल्याला ती फूटपट्टी काय कामाची? सोनी ए-७ थ्रीवर शूट करणाऱ्याला हा त्रास नाहीच. त्याचं ८ बिट, ४:२:० कुठलंही बऱ्यापैकी कार्ड उलगडतं. दा विंची रिझॉल्व्हवर रंगकाम करणाऱ्यानं मात्र कार्डावर खुशाल खर्च करावा, तिथे कार्डाची ८ जीबी मेमरी अपुरी पडू शकते, १२ जीबी बरी. आपल्याकडची जुनी मंडळी एडियसवाली. एडियस मुख्यतः प्रोसेसर आणि क्विक सिंकवर चालत आलंय, त्यामुळे त्यांनी 'एफ' कधी घेतलाच नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही, पण हात बरोबर पडायचा.

या पोराला कार्ड बदलू नकोस म्हटलं. त्याच मदरबोर्डवर १२५०० बसतो. १२४०० आणि १२५०० यांत कागदावर फरक किरकोळ, पण १२५००च्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओची इंजिनं दोन आहेत, १२४००मध्ये एकच. बसवल्यावर बायॉसमध्ये जाऊन आतलं ग्राफिक्स चालू करावं लागतं. कार्ड लावलं की काही बोर्ड ते आपणहून बंद करतात, आणि मग 'एफ' नसूनही 'एफ'सारखंच. १३व्या-१४व्या पिढीचा मोठा प्रोसेसर घेणाऱ्यानं बायॉस अपडेट केल्याशिवाय काम सुरू करू नये. जास्त व्होल्टेजनं ते खराब होत होते, त्यावरचा उपाय इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. उरलेले पैसे रॅममध्ये. ३२ जीबी हवीच, आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव काय झालेत ते विचारू नका.

कॅबिनेट उघडलं तर आत लाल थर. मिरचीच्या हंगामात त्याचा गाळा मिरची वाळवण्याच्या पथारीजवळ होता. ब्लोअर मारला आणि दोघंही शिंकत, डोळे चोळत अंगणात पळालो. त्याची आई पाणी घेऊन आली, तीही शिंकली. हसण्यावारी नेऊ नका. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. पुण्यातल्या एसी खोलीत त्याला पंचाहत्तर अंशांची मोकळीक असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की उरतात छप्पन्न, आणि त्यात पंख्यात मिरची. फुकट मिळालेल्या कूलरऐवजी चांगला कूलर हा खानदेशात शौक नव्हे. जड एक्सपोर्ट पहाटे लावावा. लाइट गेली तरी यूपीएसवर पीसी नीट बंद करण्याइतका वेळ मिळावा.

प्रोसेसर पाच दिवसांनी आला. बसवून हळदीची तीच क्लिप चालवली. प्रोसेसरची रेघ खाली बसली, आतल्या ग्राफिक्सच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' वर चढली आणि डीजे नाचणाऱ्यांच्या पावलांबरोबर वाजू लागला. पोरानं काही न बोलता वरमायला फोन लावला.

जुना 'एफ' त्यानं विकायला काढला. शहाद्याचा एक कॉलेजकुमार बघून गेला. कशासाठी हवाय, विचारलं तर लाजत म्हणाला, गेम खेळायला. मी म्हटलं, डोळे झाकून घे.